अमेरिकन फुटबॉलचा वाद आणि फिंतासचा कावळा

शुक्रवारी सकाळी वहिनींचा फोन आला. आवाज अगदी बारीक, शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असावं असा. म्हणाल्या, "भावजी, टीव्ही पुन्हा आपोआप लागलाय."

माझा मित्र, म्हणजे त्यांचा नवरा, जाऊन तेव्हा महिना होत आला होता. आम्ही दोघं एकाच पेट्रोकेमिकल प्लँटवर इंजिनीअर. एका दुपारी बोलता बोलता तो खुर्चीत मागे टेकला आणि संपला. इथे कुवेतमध्ये दहनाची सोय नाही, म्हणून वहिनी त्याला पुण्याला घेऊन गेल्या, दिवसवार केले आणि परत आल्या. त्या इथल्या एका हॉस्पिटलात नर्स. राजीनामा देऊन नोटिशीचे दिवस भरायचे होते, फ्लॅट रिकामा करायचा होता.

मी समुद्रकाठच्या फिंतास वस्तीत त्यांच्या घरी पोचलो तेव्हा टीव्ही चालूच होता. अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट घातलेली धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळत होती आणि समोरची खुर्ची रिकामी होती.  मग रिमोट घेऊन सेटिंगमध्ये शिरलो. त्याने टायमर लावून ठेवलेला होता, दर शुक्रवारचा. आठवड्याच्या सामन्यांचं पुनर्प्रक्षेपण तेव्हा असायचं. मी टायमर काढून टाकला आणि मोठ्या रुबाबात म्हणालो, बघा, भूत वगैरे काही नाही.

वहिनी टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "बंद केलंत? आता ते शुक्रवारी काय करतील?"

हा खेळ आम्हाला लावला एका अमेरिकन सुपरवायझरने. आम्ही क्रिकेटवर पोसलेली माणसं. हातात धरून पळायच्या चेंडूला फुटबॉल म्हणतात यावरच महिनाभर हसलो. पण नाद लागला. तो सुपरवायझर केव्हाच मायदेशी गेला आणि मागे आमचा वाद ठेवून गेला: आजवरचा सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण? माझा माणूस चेंडू फेकणारा. वय झालं, दंड कुरकुरायला लागला तरी मैदान न सोडणारा, हरलेला सामना शेवटच्या मिनिटाला ओढून आणणारा. त्याचा माणूस चेंडू घेऊन धावणारा. ऐन भरात असताना एके दिवशी हा निघून गेला, परत आलाच नाही. मित्र म्हणायचा, थांबायचं कुठे ते ज्याला कळलं तो श्रेष्ठ. मी म्हणायचो, पळपुट्याला श्रेष्ठ म्हणणं हे पुणेकरांनाच जमतं. तो म्हणायचा, नाशिककरांना द्राक्षांपलीकडचं काही कळत नाही. वर्षानुवर्षं दर शुक्रवारी, पोह्यांच्या बशीवर, हेच. माझी बायको आम्हाला ठार वेडे म्हणायची आणि ते बरोबरच होतं.

गंमत अशी की दोघांनाही कुवेत सोडायचं होतं. तो दर वर्षी म्हणायचा, यंदाचं शेवटचं. आणि मग इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, पुन्हा वाढवून घ्यायचा.

त्या दिवशी चहा देताना वहिनींनी खरं काय ते सांगितलं. पुण्यात दहाव्याला कावळा पिंडाला शिवला नव्हता. घाटावर कावळे ढिगाने, शेजारचे पिंड टिपत होते, याच्याकडे एकही फिरकला नाही. लेकीचं शिक्षण पुरं करू, आईंना सांभाळू, सगळं बोलून झालं. ऊन चढलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला, चालतं म्हणाले. "पण मला चालत नाही," वहिनी म्हणाल्या. "ते पुण्यात आलेच नव्हते, भावजी. ते इथेच राहिलेत. मी गेले की या परक्या गावात ते एकटे पडतील. त्यांना सोडवल्याशिवाय मी विमानात बसणार नाही."

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण अंगावर काटा आला, तो आला.

महिन्याच्या तिथीला सकाळी वहिनी आणि मी असे आम्ही दोघं फिंतासच्या किनाऱ्यावर गेलो. त्या दिवशी धूळ होती. समुद्र दिसत नव्हता, नुसता ऐकू येत होता. वहिनींनी केळीच्या पानावर दहीभात आणि वडा मांडला. इथे कावळे विरळाच. मासेमारीच्या होड्यांपाशी कधीतरी दिसतात. मी मनात म्हटलं, कावळा येणारच नाही, प्रश्न मिटला. एवढ्यात तो आला. एकटाच. कठड्यावर बसला आणि पानाकडे न बघता माझ्याकडे बघू लागला.

वहिनींनी हात जोडून पुन्हा सगळं म्हटलं. लेक, आई, पुण्याचं घर. कावळा हलला नाही. मग त्या मला म्हणाल्या, तुम्ही बोला, तुमच्यातलंच काहीतरी अडलं असेल. आम्हा दोघा मित्रांचं एकच अडलेलं होतं हे मला ठाऊक होतं. लाज वाटली, पण आजूबाजूला धुळीशिवाय कोणी नव्हतं. मी म्हणालो, "बरं बाबा. तुझा धावणाराच श्रेष्ठ. मी हरलो."

कावळा उडाला आणि दूर दिव्याच्या खांबावर जाऊन पाठ करून बसला.

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या आठवल्यासारखं बोलल्या. घरी तो उलटं बोलायचा म्हणे. मी गेलो की त्यांना सांगायचा, त्याचाच खेळाडू मोठा आहे, पण त्याला सांगू नकोस, नाहीतर पुढच्या शुक्रवारी यायचा नाही.

हे ऐकून मला आधी रडू यायला हवं होतं. मला संताप आला. इतकी वर्षं हा माणूस माझ्याशी खोटं भांडत होता. मी खांबाकडे तोंड करून ओरडलोच, "हरलो नाही मी. तूच लबाड आहेस. पुढच्या शुक्रवारी बघतो तुझ्याकडे."

कावळा खाली उतरला. सरळ चालत पानापाशी आला, वडा उचलला आणि धुळीत शिरला. पंखांचा आवाज मात्र आला नाही. वहिनी वाळूत गुडघे टेकून किती तरी वेळ रडल्या, आणि परतताना गाडीत शांत झोपल्या. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

पिंडासमोर दिलेला शब्द पाळायचा असतो, एवढं आमच्या घरी लहानपणापासून ऐकलेलं. म्हणून पुढच्या शुक्रवारी मी त्याच जागी चहा घेऊन गेलो. दोन्ही बाजू मीच बोलायचो, हळू आवाजात. फिरायला आलेले लोक समजायचे, फोनवर बोलतोय. बरंही वाटायचं. त्याची आठवण इतकी येत होती की हा वेडेपणा मला परवडत होता.

मग एका शुक्रवारी त्याची बाजू मला बोलावी लागली नाही. मी म्हणत होतो, तुझ्या धावणाऱ्याला फेकता कुठे येत होतं? आणि उत्तर आलं की एका सामन्यात त्याने चेंडू फेकूनही गुण मिळवून दिले होते. कानात आलं की डोक्यात, सांगता येणार नाही. मला हे माहीत नव्हतं. घरी येऊन शोधलं. खरं होतं. बायको म्हणाली, त्यानेच कधीतरी सांगितलं असेल, तू विसरला असशील. असेलही. तेव्हापासून ती मला कुवेत सोडू या म्हणतेय, आणि मी यंदाचं शेवटचं म्हणतो.

परवाच्या शुक्रवारी मी तिथे बसलेलो असताना पुण्याहून वहिनींचा फोन आला. आवाज सुधारला होता. लेक परीक्षेला बसली, सासूबाई बऱ्या आहेत, असं सांगून झालं. मग हळूच विचारलं:

"भावजी, तुम्ही त्या दिवशी त्यांना पुढच्या शुक्रवारी म्हणालात. ते माझ्या मनात राहिलंय. ते तिथे थांबले नाहीत ना?"

"नाही, वहिनी," मी म्हणालो. "ते गेले. मी बघितलं ना."

त्यांनी सुटकेचा श्वास सोडला, तो मला पुण्याहून ऐकू आला. मी हे बोलत होतो तेवढा वेळ माझा मित्र शेजारी गप्प बसून होता. मी फोन ठेवला, तेव्हा त्याने पुढचा मुद्दा काढला.