इब्राहिमभाईचा दोर

नवी गाडी घेणाऱ्याकडे सांगण्यासारखं काही नसतं. तो बसतो, निघतो, पोचतो. संपलं! जुन्या गाडीचं तसं नाही. आमच्या मिठागरांच्या भागात लोखंडावर गंज चढायला वेळ लागत नाही, आणि किस्से त्याच्याही आधी चढतात. माझ्याकडे एक जीप होती. आता लोक संध्याकाळी येऊन बसतात आणि म्हणतात, "घरतदादा, जीपचं सांगा." मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. सजवून सांगता येत नाही. झालं तसं सांगतो.

लढाई संपली आणि मिलिटरीने वापरलेल्या गाड्या लिलावात काढल्या. पनवेलहून दोघेच बोली लावायला गेलो. एक मी, दुसरा इब्राहिमभाई. त्याचं पळस्पे फाट्यावर गॅरेज होतं. पक्का मिस्त्री. दोघांनाही एकच जीप आवडली. मी हटलो नाही, जीप माझी झाली. त्याने रागाने एक मोठी लॉरी घेतली आणि बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा धंदा सुरू केला.

परत येताना तो म्हणाला, "घरत, तुला गाडीतलं काय कळतं? महिन्याभरात माझ्या दारात येशील."

"नाही येणार."

"मग शर्त! ज्या दिवशी ही जीप माझ्या दोराला बांधलेली माझ्या दारात येईल, त्या दिवशी ती माझी."

"आणि आलीच नाही तर?"

"तर भर रस्त्यात सलाम करीन."

मी हातावर हात मारला. त्याने खरंच नवा काथ्याचा जाड दोर घेतला आणि लॉरीच्या मागे वेगळ्या खुंटीला टांगला. दुसऱ्या कोणत्याही गाडीला तो लावत नसे, त्यांना साखळी. वाटेत मी दिसलो की लॉरी हळू करायचा, दोर उचलून दाखवायचा आणि ओरडायचा, "घरत, तेल पाजून ठेवलाय!"

*

जीप बंद पडायची. ते मी कधी नाकारलं नाही. मिठाची पोती वाहणारी गाडी, खाली सगळं खारं पाणी. बंद पडणारच. पण बंद पडणं वेगळं आणि हरणं वेगळं.

मी एक व्यवस्था लावली होती. गव्हाण, जासई, वाटेतलं प्रत्येक गाव. प्रत्येक ठिकाणी बैलजोडीचं एक घर धरलं. त्यांचा बाजार मी आणायचा, त्यांचं आजारी माणूस मी दवाखान्यात न्यायचं. बदल्यात गाडी अडली की त्यांनी ओढायची. बैलांसाठी मात्र दर खेपेला पेंडीची ढेप. माणसांचं एक वेळ विसरलो तरी चालेल, बैलांचं विसरायचं नाही. गावात शिरताना लांब हॉर्न द्यायचा आणि ढेप टाकायची, असा माझा शिरस्ता.

गव्हाणला माझा माणूस धर्मा. त्याचे बैल हॉर्न ऐकला की दावं ओढायला लागायचे.

*

एकदा मुंबईहून विम्याचा एजंट आला. कोट, टोपी, चामडी बॅग. गाडी बघून म्हणाला, "काका, अशा गाडीला संरक्षण हवं. वाटेत बंद पडली तर ओढून आणण्याचा खर्च आमची कंपनी देईल."

मी म्हटलं, "बसा. चालता चालता बोलू."

गव्हाणच्या अलीकडे गाडीचा पेट्रोल ओढणारा पंप बिघडला. गाडी गप. चारी बाजूंना मिठागरं, माणूस दिसेना. एजंट उतरला, घाम पुसला.

"बघा! आता आमची पॉलिसी असती तर..."

"तर काय केलं असतं?"

"कंपनीला पत्र लिहिलं असतं."

मी हॉर्नवर हात ठेवला. लांब दिला. थोड्या वेळाने बांधावरून धर्माचे दोन्ही बैल पळत आले. एकटेच! गळ्यात तुटलेली दावी. त्यांच्या मागे बऱ्याच अंतरावर धर्मा, धोतर सावरत.

"दादा, वाईच थांबवा त्यांना! मी जेवत हाय!"

एजंट बैलांकडे बघत राहिला. "यांना कळवलं कोणी?"

मी ढेप फोडून बैलांपुढे टाकली. "हा आमचा हप्ता," म्हटलं. "पत्र लागत नाही."

त्याने बॅग बंद केली. ही गोष्ट आठवड्यात पनवेलच्या बाजारात पोचली. तेव्हापासून लोक धर्माच्या बैलांना कंपनी म्हणायला लागले.

*

पुढे रिव्हर्स गिअर गेला. पुढचे सगळे शाबूत, मागे जायचं बंद. सुटा भाग मिळेना. मी म्हटलं, नसला तर नसला. मागे जाऊन करायचंय काय?

जासईजवळ मिठागराच्या बांधावर एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून प्रांतसाहेबांची मोटार आली. पट्टेवाला उतरून म्हणाला, "ए, मागे घे! साहेब आहेत."

"गाडी मागे जात नाही."

"जात नाही म्हणजे? घेत नाहीस म्हण!"

"तसं म्हणा."

साहेब स्वतः उतरले. माझ्याकडे बघितलं. मी स्टिअरिंग धरून सरळ बसलो. खुलासा मागितला असता तर दिला असता. त्यांनी मागितला नाही. शेवटी त्यांची मोटार उलटी गेली, पार बांधाच्या टोकापर्यंत. आजूबाजूला मीठ ओढणारे लोक काम सोडून बघत होते.

महिन्याभराने मिठागरवाल्यांचं गाऱ्हाणं घेऊन प्रांताकडे कोणी जायचं, असा प्रश्न निघाला. सगळे म्हणाले, "घरतदादांना पाठवा. साहेब त्यांना भिऊन हाय!"

मी गेलो. काम झालं.

*

आमची मंडळी गाडीत फारशी बसत नसे. ती म्हणायची, "बसले की उतरून ढकलावंच लागतं, मग चालत गेलेलं काय वाईट?" एकदा माहेरच्या लग्नाला निघालो तेव्हा बसली. नेसूचं नवं लुगडं. अर्ध्या वाटेत पंख्याचा पट्टा तुटला, रेडिएटरची वाफ निघाली. आणि नेमका समोरून इब्राहिमभाई!

त्याने लॉरी थांबवली. खुंटीवरून दोर काढला आणि खांद्यावर टाकून उभा राहिला. मी बॉनेट उघडून उभा. पट्टा दुसरा नव्हता. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला गाडी गेल्यासारखी वाटली.

मंडळी खाली उतरली. "भाऊ, दोर घेऊन कुठे निघालात? म्हैस सुटली का?"

"नाही वहिनी, तुमची जीप न्यायला आलोय."

तिने लुगड्याच्या काठाला दात लावला आणि टर्रकन पट्टी फाडली. पीळ देऊन माझ्या हातात ठेवली. "बांधा. लग्नाला उशीर होतोय."

मी तीच पंख्याला गुंडाळून गाठ मारली, रेडिएटर थंड करून पाणी भरलं, आणि गाडी निघाली. फाटक्या काठाने ती लग्नात मिरवली. विचारलं त्याला सांगितलं, "जीपने खाल्लं."

दिवाळीला इब्राहिमभाईकडून नवं लुगडं आलं. सोबत निरोप: "वहिनी, जरा जास्त लांबीचं पाठवलंय. गाडीची भूक मोठी आहे."

*

ब्रेक एकदाच गेला. पण कुठे गेला बघा. पळस्प्याच्या उतारावर! खाली इब्राहिमभाईचं गॅरेज. माझ्या शेजारी करंज्याचा एक नाखवा, मांडीवर होडीचा लोखंडी नांगर. पनवेलला लोहाराकडून सांधून आणलेला.

मी म्हटलं, "नाखवा, ब्रेक नाही."

तो म्हणाला, "मंग उबी कशी करतंस?"

"नाही करत."

त्याने विचार केला नाही. नांगराची दोरी गाडीच्या दांडीला बांधली आणि नांगर मागे फेकून दिला. दर्यात जन्म गेलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार! नांगर रस्त्यावर ठिणग्या उडवत आला, गॅरेजच्या कुंपणात अडकला, आणि आम्ही कुंपणासकट थोडं पुढे जाऊन थांबलो.

इब्राहिमभाई पळत बाहेर आला. "आली! माझ्या दारात आली!"

"आली," मी म्हटलं. "दोर कुठाय?"

तो थबकला. दोर लॉरीवर, लॉरी पेणला गेलेली.

नाखवा खाली उतरला, कुंपणातून नांगर सोडवला, वाकला आहे का ते बघितलं आणि इब्राहिमभाईला म्हणाला, "जागा बरी हाय तुजी. नांगर पकडते."

*

आता शेवटचं.

गणपती होऊन गेले होते. गव्हाणच्या बांधावर एका व्यापाऱ्याचा ट्रक चिखलात रुतला. इब्राहिमभाई लॉरी घेऊन ओढायला गेला. ट्रक निघाला, निघून गेलाही. पण लॉरी रुतली! तिची चाकं खाडीकाठच्या खाजणात, म्हणजे दलदलीत, आणि भरतीची वेळ झालेली. मी मीठ उतरवून येत होतो, तेव्हा तो चिखलात कमरेपर्यंत उभा होता. त्याचा सगळा धंदा म्हणजे ती लॉरी. इंजिनात खारं पाणी शिरलं की संपलं.

मी गाडी थांबवली. त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"साखळी?" मी विचारलं.

"तुटली."

"मग?"

त्याची नजर लॉरीच्या मागे गेली. खुंटीवर दोर होता. एवढाच दोर होता.

"काढ," मी म्हटलं.

"घरत, हा बांधलास तर शर्त..."

"मला शर्त पाठ आहे. बांध!"

जीप पुढे, लॉरी मागे, मध्ये त्याचा दोर. मी पहिला गिअर टाकला. जीप ओरडली, लॉरी हलली, थोडी वर आली. आणि जळका वास सुटला. क्लच गेला! पाणी लॉरीच्या चाकांना लागलेलं. आता दोन्ही गाड्या जाणार होत्या.

मी हॉर्नवर हात ठेवला आणि उचलला नाही.

धर्माचे बैल आले. पाठोपाठ धर्मा, आणि गावातल्या सगळ्या जोड्या घेऊन सगळं गाव. जोड्या जीपला पुढे जुंपल्या. लोक लॉरीला मागून भिडले. इब्राहिमभाई चिखलात तोंडावर पडला, उठला, पुन्हा भिडला. दोन्ही गाड्या निघाल्या. पण लॉरीचं इंजिन भिजलेलं, माझा क्लच जळलेला. मग काय, तशीच वरात निघाली. पुढे बैल, मागे जीप, तिच्या मागे दोराला बांधलेली लॉरी. पनवेलच्या भर बाजारातून! दुकानदार पायऱ्यांवर येऊन उभे राहिले. कोणी विचारलं, "घरतदादा, गाडी कोणाची बंद पडली?" मी समोर बघत राहिलो.

पळस्प्याला गॅरेजच्या दारात वरात थांबली. इब्राहिमभाई लॉरीतून उतरला. चिखल वाळून अंगावर पांढरा झालेला. त्याने जीपकडे बघितलं, दोराकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

"घरत," तो हळू म्हणाला, "माझ्या दोराला बांधलेली आहे. माझ्या दारात आहे."

"आहे," मी म्हटलं आणि चावी काढून पुढे धरली. दिलेला शब्द मी फिरवत नाही.

त्याचा हात पुढे आला नाही.

धर्मा बैलांच्या पाठीवर थाप मारत होता. तो मध्ये पडला. "काय चाललंय तुमा दोगांचं? दोर कुनाचा, दार कुनाचं! वडलंय कुनी? माज्या बैलांनी! मंग दोनी गाड्या त्यांच्या. त्यांचं काय करायचं ते बैलांनाच इचारा!"

जमलेले लोक हसले. आम्ही दोघे हसलो नाही.

इब्राहिमभाईने दोराची गाठ सोडली. दोर गुंडाळला आणि धर्माच्या खांद्यावर टाकला. माझी मूठ चावीसकट मिटवली. मग तो बैलांसमोर जाऊन उभा राहिला आणि भर रस्त्यात, सगळ्या लोकांदेखत, कपाळाला हात लावून वाकून सलाम केला. मला नाही. बैलांना!

मग माझ्याकडे वळला.

"घरत," तो म्हणाला, "यांच्या कंपनीचा हप्ता काय असतो?"