मागच्या सीटवरची ट्रायल

बाराशे हे काही त्यांचं आडनाव नव्हे, तो इंजिनाचा आकार आहे. रस्त्यावरच्या छोट्या पेट्रोल गाड्यांपैकी निम्म्यांच्या पोटात असतं ते साधंसुधं इंजिन, चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, बाराशे सीसी. मोजायला बसलं तर अकराशे सत्त्याण्णव भरतं, पण उरलेल्या तिनावरून कुणी भांडत नाही. आमचे हे मिस्त्री उभ्या आयुष्यात दुसऱ्या कुठल्या इंजिनाला हात लावायला तयार झाले नाहीत, म्हणून लोक त्यांनाच बाराशे म्हणू लागले. आता त्यांच्या सख्ख्या बहिणीलासुद्धा त्यांचं खरं नाव आठवायला क्षणभर थांबावं लागतं.

त्या इंजिनाचं कौतुक त्यांच्याच तोंडून ऐकावं. फार धावत नाही, फार पीत नाही. चढावर कुरकुरतं, पण चढतं. तेल वेळेवर बदला, पाणी आटू देऊ नका, मग वर्षानुवर्षं ते तुमच्याकडे काही मागायला येत नाही. माणसांत एवढा भरवसा कुठे मिळतो, असं ते विचारत, आणि पन्नाशी उलटली तरी लग्न का केलं नाही याचं उत्तर समोरच्याने त्यातच शोधावं अशी त्यांची अपेक्षा असे. खरं उत्तर निराळं होतं. विचारायची त्यांची छाती होत नव्हती, एवढंच.

त्यांची खरी ख्याती होती ती मात्र मागच्या सीटची. इंजिन दुरुस्त झालं की गाडी ट्रायलला निघे. स्टिअरिंगवर ताई, म्हणजे त्यांची थोरली बहीण; गॅरेजचं बाकी सगळं तीच सांभाळायची. तिच्या शेजारी गिऱ्हाईक. आणि बाराशे मागे, मधोमध, तळहात गुडघ्यांवर ठेवून, डोळे घट्ट मिटून. गाडी वळणं घेई, पूल ओलांडे, आणि मागून एकदम आवाज येई, "तिसऱ्या सिलिंडरचा प्लग बदलावा लागेल." गिऱ्हाईक गार पडे. पुढे पुढे आसपासच्या गॅरेजवाल्यांनीही ही पद्धत उचलली. त्यांतला एक मिस्त्री तर मागे बसून चक्क घोरू लागला, पण तेही काही तंत्र असेल म्हणून गाडीचा मालक बिचारा चुपचाप बसून राहिला.

बाराशे मागे बसत याचं कारण अगदी सोपं होतं. त्यांना गाडी चालवता येत नव्हती.

विशीत एकदा प्रयत्न झाला होता. पुढे जायचं म्हणून त्यांनी गिअर टाकला, तो नेमका मागचा पडला आणि गाडी उलटी जाऊन समोरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरली. आरसा फुटला, भिंत गेली, आणि अर्धी दाढी झालेला एक माणूस गळ्यातल्या टॉवेलसकट पळाला तो थेट घरी. ताई धावत आली, भावाचा पांढराफटक चेहरा पाहिला आणि सगळ्यांना सांगून टाकलं की गाडी मीच चालवत होते. तेव्हापासून ताई इतकी निगुतीने चालवते की मागच्या सीटवर ठेवलेला चहाचा कप हिंदकळू नये, तरी लोक म्हणतात, ती ना, ती जरा बेताचीच चालवते. ताईने हे सगळं हसत पचवलं. बाराश्यांना मात्र ते आतून खात असे, आणि खात असल्यामुळेच ते कुणाजवळ बोलता येत नसे.

मग एके दिवशी बाईंची गाडी ओढून आणली गेली.

बाई म्हणजे ड्रायव्हिंग क्लासच्या बाई. एकट्याच राहत, एकट्याच क्लास चालवत. डोक्यावर पाटी लावलेली त्यांची पांढरी गाडी सगळ्यांच्या ओळखीची होती, कारण जवळजवळ प्रत्येकाने कधी ना कधी तिच्यात बसून घाम गाळला होता. त्या गाडीत ब्रेक आणि क्लच दोन्ही बाजूंना होते, शिकणाऱ्यासाठी एक जोडी आणि बाईंसाठी एक. आता इंजिन बंद पडलं होतं ते कायमचंच. बाराश्यांनी वरचं झाकण काढलं आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. कुण्या दीडशहाण्याने व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा टायमिंगचा पट्टा बदलताना भलताच बसवला होता. लांबी तीच, दातेही तेवढेच, पण इंजिनाला गोल दात्यांचा लागतो आणि हा होता चौकोनी दात्यांचा. काही महिने तो कसाबसा धरून राहिला, मग घसरला, आणि वरचे व्हॉल्व्ह खालून येणाऱ्या पिस्टनवर आदळले. सगळा चुराडा.

पण बाकीचं इंजिन बघता बघता त्यांचा राग विरघळत गेला. तेलाच्या टाकीत गाळ नाही. क्लचची प्लेट झिजलेली, पण सगळीकडून सारखी. शिकाऊ लोकांनी रोज हिसके दिलेल्या गाडीची प्लेट अशी असूच शकत नाही. त्यांनी बाईंना विचारलं, हे जमवलंत कसं? बाई म्हणाल्या की त्या नव्या माणसाला पहिले दोन दिवस पेडलला पाय लावूच देत नाहीत. नुसतं इंजिन ऐकवतात. आवाज कळला की पाय आपोआप शहाणा होतो.

बाराशे हातात प्लेट घेऊन उभेच राहिले. त्या दिवशी त्यांनी चहात मीठ टाकलं, आणि ताईच्या सगळं लक्षात आलं.

पुढचे दिवस ते जमिनीवर नव्हतेच. भंगारवाल्याकडे मागून धडक बसलेली एक गाडी पडून होती, तिचं इंजिन पुढच्या बाजूला असल्यामुळे ठणठणीत राहिलेलं. बाराशे सीसीच, पण नंतरच्या काळातलं. त्यात पट्ट्याऐवजी साखळी होती, म्हणजे दात्यांची भानगडच मिटली. मात्र आकार एक म्हणून जोडी जमते असं नसतं. इंजिन धरून ठेवणारं एका बाजूचं माउंटिंग बसेना, ते बदललं. जुन्या गाडीचा कंट्रोलर नव्या इंजिनाचा सेन्सर ओळखेना, म्हणून भंगारातल्या गाडीतून तिचा कंट्रोलरही वायरिंगसकट उचलून आणला. रबराच्या नळ्या आताच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकतील अशा टाकल्या. गिअरबॉक्सच्या दांड्यावर क्लचची प्लेट पहिल्याच खेपेला सर्रकन बसली, तेव्हा बाराशे गाडीखाली आडवे पडून शीळ घालत होते. संध्याकाळी ते ताईला म्हणाले, "ट्रायल झाली की मी बाईंना विचारणार आहे."

ताई म्हणाली, "काय विचारणार आहेस ते मला ठाऊक आहे. पण त्याआधी काय सांगणार आहेस?"

बाराश्यांनी विषय बदलला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला आपण आवडावं असं त्यांना जीव तोडून वाटत होतं. ज्या माणसाला गाडी येत नाही तो ड्रायव्हिंगच्या बाईंना काय म्हणून आवडेल, आणि इतकी वर्षं सगळ्यांना बनवत आलेला माणूस तर कुणालाच का आवडावा, असं ते स्वतःलाच विचारत होते.

ट्रायलच्या सकाळी ताईचा पाय मुरगळला. ती तो पाय घेऊन दोनदा जिना उतरली, एकदा रस्त्यापलीकडे जाऊन बिस्किटं आणली, पण गाडी चालवणं शक्यच नाही म्हणाली. बाराश्यांनी तिच्याकडे असं काही पाहिलं की दुसरी कुणी असती तर विरघळली असती. ताई बिस्किट खात राहिली.

मग बाई चालवतील आणि आपण मागे बसू, असं म्हणत बाराश्यांनी मागचं दार उघडलं. पण बाई आधीच जाऊन आपल्या नेहमीच्या जागी, म्हणजे चालवणाऱ्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्यांचं म्हणणं रास्त होतं. गाडी रोज इथूनच सांभाळायची, तर इंजिन इथूनच ऐकायला हवं. चालवा तुम्ही.

बाराशे स्टिअरिंगमागे जाऊन बसले. ज्या इंजिनाचा स्क्रू न् स्क्रू त्यांना पाठ होता, ते एका किल्लीत सुरू झालं आणि मांजरासारखं घुरघुरू लागलं. त्यांनी क्लच दाबला, पहिला टाकला, पाय सोडला. गाडीने टुणकन उडी मारली आणि बंद पडली.

"वा," बाई म्हणाल्या.

बाराश्यांना काही कळेना. बाईंनी समजावलं. माझे विद्यार्थी जे हाल करणार, तेच हाल करून तुम्ही इंजिन तपासताय, असं आजवर कुठल्या मिस्त्रीला सुचलं नव्हतं. आणि नक्कल किती हुबेहूब! बाराश्यांनी घाम पुसला. देवानेच रस्ता दाखवला म्हणायचं. मग काय, ते सुटले. गाडी कांगारू झाली. गचके खात, मधूनच बंद पडत, वायपर उगाचच फिरवत ती बाजाराच्या रस्त्याला लागली. दर गचक्याला बाई वाहवा करत होत्या. दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळून बाराशे आनंदाने वेडे झाले होते. गाडी चालत होती, बाई खूश होत्या, आणि हे खोटं जन्मभर पुरलं असतं.

तेवढ्यात उतार आला. उताराच्या तळाशी एक म्हातारा शांतपणे हातगाडी आडवी लावून फुगे भरत होता. बाराश्यांनी शेजारी पाहिलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या, निश्चिंत. त्यांचा आपल्यावर पूर्ण विश्वास आहे, हे त्या क्षणी बाराश्यांना लख्ख कळलं.

"बाई, मला गाडी येत नाही," ते ओरडले. "नक्कल नाही हो ही. मला कधीच येत नव्हती."

गाडी थांबली. गचका नाही, आवाज नाही, नुसती थांबली. म्हाताऱ्याने मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. बाराश्यांनी खाली पाहिलं, तर बाईंचे पाय त्यांच्या बाजूच्या ब्रेक आणि क्लचवर होते, इंजिन चालूच होतं.

"गॅरेजपासून तिथेच आहेत," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसलात आणि आरशाकडे बघितलंच नाहीत, तेव्हाच कळलं मला. रोज हेच बघते मी. तुम्ही स्वतः कधी सांगताय, तेवढं बघत होते."

मागे हॉर्नचा कल्लोळ सुरू झाला. आता बोललोच आहोत तर सगळंच बोलून टाकू, असं बाराश्यांना झालं आणि त्यांनी न्हाव्याचा आरसा, ताईने अंगावर घेतलेला आळ, मागची सीट, सगळं एका दमात सांगितलं, आणि त्याच दमात, स्वल्पविरामही न घेता, आपल्याला बाईंशी लग्न करायचं आहे हेही सांगून टाकलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "आधी गाडी कडेला घ्या," त्या म्हणाल्या.

"येत नाही म्हटलं ना."

"मी आहे ना इथे. इंजिन ऐका. तुमच्याएवढं कुणाला ऐकू येतं?"

बाराश्यांनी सवयीने डोळे मिटले.

"डोळे उघडे ठेवून," बाई म्हणाल्या.

त्यांनी डोळे उघडले आणि क्लच हळूहळू सोडला. इंजिनाचा आवाज किंचित खाली आला, हजारदा ऐकलेला तो आवाज, आणि तिथेच त्यांनी पाय थांबवला. गाडी सरकली. गचका न देता, लोण्यातून सुरी जावी तशी सरकली आणि कडेला जाऊन उभी राहिली. बाराश्यांना हसू आवरेना. ते बोलतच सुटले. साखळीमुळे आवाज कसा मऊ झालाय, प्लेट कशी गुळगुळीत धरते, आपण स्वतः, अहो आपण स्वतः चालवली.

"हो," बाई म्हणाल्या.

"हो ना? तुम्हालाही तो आवाज जाणवला ना?"

"त्याला नाही. मघाशी हॉर्न वाजत होते तेव्हा तुम्ही जे विचारलंत ना, त्याला हो म्हणतेय."

बाराश्यांचा पाय क्लचवरून सुटला आणि गाडी टुणकन उडून बंद पडली. इंजिनात काही दोष नव्हता.