सात पायरीच्या घाटातले प्रेक्षक

नाशिकहून निघताना गाडीच्या मागच्या बाजूला दोन मोठे कर्णे, एक माइक आणि वायरींचं भेंडोळं होतं. मोटारसायकलींच्या शर्यतींत निवेदन करायचं, हा माझा हौसेचा धंदा. धूळ उडत असते, पोरं शिट्ट्या मारत असतात आणि मी कर्ण्यांतून सगळ्यांच्या वर बोलत असतो. बायको म्हणते, मला शर्यतीपेक्षा माझा आवाजच जास्त आवडतो. ते खरं आहे.

साथ आली आणि तो आवाज बंद पडला. पहिला हिवाळा असाच गेला. दुसऱ्या हिवाळ्यात शहाद्याच्या प्रवीणभाऊंचा फोन आला. त्यांचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे आणि तोरणमाळच्या सात पायरीच्या घाटात शर्यत भरवायची हे त्यांचं जुनं वेड. परवानगी मिळाली होती. घाटात एका वेळी एकच गाडी सोडायची, शर्यत घड्याळाशी. अट एकच होती, प्रेक्षक नकोत. घाटात कुठेही गर्दी दिसली की तिथल्या तिथे शर्यत बंद, आणि पुढे परत विचारायला यायचं नाही.

साक्रीच्या पुढे एका नाक्यावर पोलिसाने गाडी थांबवली. कर्णे पाहून त्याने मास्क नाकावर सरकवला.

"लग्न कुठलं?"

"लग्न नाही हो, शर्यत आहे."

"मग माणसं किती जमवणार?"

"एकही नाही."

त्याने पुन्हा मागे डोकावलं. "मग हे कर्णे कोणासाठी?"

मी वळून कर्ण्यांकडे पाहिलं. त्याने हसून जाऊ दिलं, पण तो प्रश्न नंदुरबारपर्यंत माझ्या शेजारच्या सीटवर बसून होता.

प्रकाशा गावाजवळ तापीचा पूल ओलांडल्यावर चहाला थांबलो. थंडी छान होती. पलीकडे पपईचे ट्रक भरले जात होते आणि देवळाकडून परतलेली दोन-चार माणसं उन्हात पाय सोडून बसली होती. चहावाल्या काकांनी न विचारताच शेवेची बशी पुढे केली.

"कोठे जाई ऱ्हायनात, भाऊ?" (कुठे निघालात?)

"तोरणमाळला. शर्यत आहे."

"मालूम शे. सकायमा आम्हीबी निंघतस. आख्खं गाव ई ऱ्हायनं." (माहीत आहे. सकाळी आम्हीही निघतो. सगळं गाव येतंय.)

मी शेवेची बशी खाली ठेवली. "अहो, कोणी यायचं नाहीये."

"तेच तं! दोन दिन रिक्षा फिरनी, 'शर्यत देखाले कोनी येऊ नका' सांगत. तवय आम्हले मालूम पडनं का शर्यत शे." (तेव्हाच तर आम्हाला कळलं की शर्यत आहे.)

शहाद्यात पोहोचलो तेव्हा प्रवीणभाऊ दुकानाच्या पायरीवर डोकं धरून बसले होते. रिक्षा त्यांनीच फिरवली होती, भोंगा लावून, चांगल्या मनाने. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. घरी त्यांच्या मंडळींनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत आणि वर तेलाची धार असं जेवण वाढलं होतं, पण भाऊंनी घास मोडून तसाच ठेवला.

"मन्हा जीव टांगेल शे, भाऊ," ते म्हणाले. "गर्दी व्हयनी तं सपनं." (जीव टांगणीला लागलाय. गर्दी झाली तर संपलं.)

मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. काळजीने माझी भूक कधी जात नाही.

सकाळी म्हसावद मागे टाकलं तसा सातपुडा जवळ आला. पळसाला नुकते कुठे लाल ठिपके दिसू लागले होते. पुढे प्रवीणभाऊंची जीप, तिच्यामागे शर्यतीचे गडी आणि शेवटी मी. घाटाच्या पायथ्याच्या पाड्याजवळ जीप थांबली. रस्त्यावर आडव्या बोरीच्या काट्या टाकलेल्या होत्या, चांगल्या छातीभर उंच.

काट्यांच्या पलीकडे पाड्याचे कारभारी, दमण्याबाबा, खांद्यावर घोंगडी टाकून उभे होते. घरात ही मंडळी पावरी बोलतात. प्रवीणभाऊंशी ते सावकाश मराठीत बोलले.

"कोणी येणार नाही सांगितलं होतं तू. बाजारात तर सगळे येतो म्हणतात."

पहिल्या लाटेत या पाड्याने अशाच काट्या टाकून स्वतःला कोंडून घेतलं होतं. खालून कोणी वर नाही, वरून कोणी खाली नाही, आणि एकही माणूस दगावला नव्हता. आता आमच्यामुळे आजार वर चढणार असेल, तर बाबांचं चुकलं कुठे?

प्रवीणभाऊंनी रिक्षाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली. हात जोडून विनवणी करायचा माझा बेत होता, पण भाऊंनी मला गप्प केलं आणि म्हणाले, "बाबा, तुमी सांगशात तं आम्ही मागे फिरतस. शर्यत ऱ्हाऊ द्या."

ते हे मनापासून म्हणाले. वर्षानुवर्षं पाहिलेलं स्वप्न माणूस इतक्या सरळपणे खाली ठेवतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

बाबांनी मागे वळून कोणाला तरी पाणी आणायला सांगितलं.

"हात धुवा. तुम्ही जा. तुमच्या मागे काट्या परत टाकतो. काट्या टाकल्यावर कोणी ओलांडत नाही."

भाऊ हात धुता धुता थांबले. त्यांच्यापुढे दुसरी अडचण होती. वळणावळणावर झेंडे घेऊन उभी राहणारी निम्मी माणसं निर्बंधांमुळे येऊच शकली नव्हती आणि घाटात फोन लागत नाही. रस्त्यावर गुरं आली तर खालून गाडी सोडणाऱ्याला कळणार कसं?

बाबांनी डोंगराकडे हात केला. तिथली घरं गावासारखी एकमेकांना चिकटून नसतात. ज्याचं शेत तिथे त्याचं घर, प्रत्येकाची वेगळी टेकडी. "एक घर आरोळी देतं, दुसरं पुढे पाठवतं. माणूस मेला, गाय हरवली, सगळं असंच कळतं. रस्त्यावर काही दिसलं तर लाल कापड दाखवू. अंगणातूनच."

तहसीलमधून पाहणीला आलेल्या साहेबांनाही त्या काट्यांपाशी उतरून हात धुवावे लागले. बाबांनी कोणाला सूट दिली नाही.

वर सपाटीवर, शेवटच्या वळणाच्या माथ्याला मी कर्णे बांधले. समोर दरी, मागे झाडं, ऐकायला एक बकरी. तरी बोलू लागलो. जिभेला सवय असते. पहिली गाडी खालून सुटली तसा दरीत तिचा आवाज घुमत वर यायला लागला, आणि तेवढ्यात समोरच्या टेकडीवरून आरोळी आली. मग तिच्या पलीकडून दुसरी. मी बघतो तर प्रत्येक अंगणात माणसं होती. खाटेवर म्हाताऱ्या, कडेवर पोरं घेतलेल्या बाया, ओट्यावर बसलेले बाप्ये, आणि एका घरापासून दुसरं घर हाकेच्या अंतरावर. मी स्वाराचं नाव पुकारलं की सगळा डोंगर ओरडत होता.

चौथ्या गाडीच्या आधी मधल्या टेकडीवर लाल लुगडं हललं. आरोळ्या घराघरातून खाली उतरल्या आणि गाडी सुटायची थांबली. वळणावर शेळ्यांचा कळप निवांत बसला होता. तो उठला तशी पुन्हा आरोळी उतरली आणि गाडी सुटली.

साहेब हे सगळं माझ्यापासून थोड्या अंतरावरून पाहत होते. त्यांनी भाऊंना बोलावलं. मी माइक बंद केला.

"एवढी माणसं कुठून आली?"

"कोठूनबी नही उनात, साहेब. आपापल्या घरी बठेल शेतस." (कुठूनही आली नाहीत. आपापल्या घरी बसली आहेत.)

साहेबांनी पुन्हा एकदा सगळ्या टेकड्यांवरून नजर फिरवली. "घरीच राहा," ते म्हणाले, "दोन वर्षं आम्ही हेच तर सांगतोय." आणि डोळ्यांवरून मला कळलं की मास्कच्या आत ते हसत होते. शर्यत पूर्ण झाली.

दुपारी एका अंगणाच्या कडेला, लांब लांब बसून, आम्ही मक्याची भाकरी आणि उडदाची डाळ खाल्ली. प्रवीणभाऊ तिसरी भाकरी मागताना रडले. तिखटामुळे, असं ते म्हणाले, आणि आम्ही कोणी वाद घातला नाही.

उतरताना काट्यांच्या अलीकडे दमण्याबाबा होते आणि पलीकडे प्रकाशाचे चहावाले काका, शेकडोंच्या घोळक्यातून उरलेले शेवटचे. बाकीचे काट्या पाहून केव्हाच परतले होते. "आम्हले आवाज तं आयकू उना," काका समाधानाने म्हणाले. (आम्हाला आवाज तर ऐकू आला.) बाबांनी त्यांना काट्यांवरून पाण्याचा तांब्या दिला आणि भाऊंना म्हणाले, "आजार जाऊ दे. काट्या सुकल्या की चुलीत घालू. मग सगळ्यांना घेऊन ये. प्रत्येक अंगणात जागा आहे."

साक्रीच्या नाक्यावर तो पोलीस नव्हता, याचं मला वाईट वाटलं. आता माझ्याजवळ उत्तर होतं. आपण माणसं एका जागी जमली की त्याला गर्दी म्हणतो आणि तिच्याशिवाय उत्सव होत नाही असं समजतो. त्या डोंगरात माणसं दूर राहूनच एकमेकांची असतात, आणि हाक पोहोचली की त्यांना पुरतं.

त्यानंतर बरेच महिने कर्णे माळ्यावर पडून होते. मग एका सकाळी प्रवीणभाऊंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही.

"काट्या निंघन्यात, भाऊ," ते म्हणाले. "बाबांनी चूल पेटाडी."

मी शिडी लावली आणि कर्णे खाली काढले.