रानलिंबाची चटणी

मावल्यात सुवर्णाबाईंचं घर विचारलं तर लोक सांगायचे, "ते रानलिंबाच्या कुंपणाचं." गुडीहत्नूरकडच्या टेकडीवरून व्यंकटेशरावांनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्याने, मूठभर पिकली फळं आणली होती. सुवर्णाबाईंनी बिया ताज्याच पेरल्या. रोपं भारी हट्टी, दोन वर्षं गुडघ्यालाही लागली नाहीत. मग मात्र काटछाट सोसत अशी दाटली, की चिमणी आत शिरायची नाही. चकचकीत पानं, पांढरी फुलं, आणि पान चुरगळलं की बोटांना लिंबाचा वास.

शेजारच्या लक्ष्मीबाईंना त्या कोवळ्या पानांचं वेड. ताकात टाकायच्या, चटणी वाटायच्या.

"दरवेळी इचारता काऊन? कवाही तोडा," असं सुवर्णाबाईंनीच त्यांना सांगून ठेवलं होतं.

दसऱ्यानंतर चैत्रालीला, त्यांच्या मुलीला, बघायला नागपूरची मंडळी यायची होती. नेमक्या तेव्हाच कुंपणावर अळ्या पडल्या. शेंडे बोडके झाले. पाहुणे पहिल्यांदा हेच बघणार, म्हणून सुवर्णाबाईंचा जीव खालीवर. गावाकडून दिराने आणून ठेवलेली कपाशीच्या औषधाची बाटली त्यांनी काढली आणि पाहुणे यायच्या दिवशी सकाळी, तोंडाला पदर बांधून, सगळं कुंपण फवारलं. लक्ष्मीबाईंना सांगायला गेल्या, तर दाराला कुलूप. मागून सांगू, म्हणून परतल्या आणि स्वयंपाकात बुडाल्या.

दुपारी पाहुणे बैठकीत बसले असताना लक्ष्मीबाई मागच्या दाराने आल्या. हातात वाटी.

"पाहुन्यायले द्या. तुमच्याच पानायची चटनी हाय, घरी आल्यावर तोडली. माही भाकर तं याच्यासंगच झाली आत्ता."

सुवर्णाबाईंनी वाटी हातात घेतली. शब्द अगदी ओठांवर आला. तेवढ्यात बैठकीत हसणं उसळलं. मुलाची आई चैत्रालीशी काही बोलत होती. आत्ता गोंधळ झाला तर? पानं धुतलीच असतील की.

"बरं केलं," त्या म्हणाल्या. लक्ष्मीबाईंची पाठ वळताच त्यांनी वाटी मोरीत पालथी केली.

पाहुणे रमतगमत उठले. गाडी वळते न वळते तोच लक्ष्मीबाईंचा मुलगा प्रज्वल धावत आला. "काकू, माय ओकून राह्यली! अंगाले घाम सुटला!"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "क्या खाया इन्होंने?"

"भाकर अन् चटनी, बस," प्रज्वल म्हणाला.

सुवर्णाबाई पुढे झाल्या. घरून निघताना बाटली त्यांनी पदराखाली घेतली होती. ती टेबलावर ठेवत म्हणाल्या, "उस पत्तों पे ये मारा था। मैंने मारा।"

नाव वाचताच डॉक्टरांनी धावपळ सुरू केली. लक्ष्मीबाई वाचल्या. बाटली नेली म्हणून जीव वाचला, असं सगळी गल्ली बोलू लागली. चैत्रालीचं लग्नही जुळलं. जो तो अभिनंदन करी, आणि सुवर्णाबाईंना मान वर करवेना.

लक्ष्मीबाई घरी आल्यावर त्या भेटायला गेल्या. हात जोडले.

"मी फवारलं अन् तुमाले सांगायचं राहून गेलं."

"होते चूक," लक्ष्मीबाई खाटेवरून म्हणाल्या. मग काळजीने विचारलं, "पाहुन्यायले तं काई झालं नाही ना?"

"त्यायनं खाल्ली नाही."

"काऊन?"

सुवर्णाबाई उठून तांब्यातलं पाणी पेल्यात ओतू लागल्या.

"तुमी फेकली," लक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या. "म्हंजे तवाच तुमाले ठाव होतं. त्यायले वाचवलं अन् माले तशीच जाऊ देल्लं."

आवाज चढला नाही. त्यांनी कूस बदलली, एवढंच.

त्या संध्याकाळी सुवर्णाबाईंनी नवऱ्याला सगळं सांगितलं. व्यंकटेशराव म्हणाले, "अगं, शेवटी तूच तं वाचवलं ना तिले?"



अजूनही दोघींचं येणंजाणं आहे. लक्ष्मीबाई लग्नात अक्षता टाकायला आल्या, बोलल्या, जेवल्याही. पण जेवायला बसल्यावर वाढणाऱ्या सुवर्णाबाई आहेत हे बघून, त्यांचा हात क्षणभर ताटावर आडवा आला. मग त्यांनीच तो मागे घेतला.