बी सिवेमाने पेटी अडवली तो दिवस

किलोसा स्टेशनाबाहेर नारळाच्या दुधातले आप्पे विकणारी बी सिवेमा, बी म्हणजे बाई, आम्हाला रोज शिव्या द्यायची, आणि तो तिचा हक्क होता. ती झारामो, किनाऱ्यावरच्या नारळीबागांतली; आम्ही न्याम्वेझी, पूर्वी हस्तिदंत वाहणारे हमाल. दोन्ही जमातींत आज्यापणज्यांपासून थट्टेचं नातं. भेटलं की अपमान करायचा, मयताला गेलं की मेलेल्याची नक्कल करायची, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. रागावला, की नातं तुटलं.

शाळेत जाताना मी तिच्या शेगडीजवळ पोचले की ती सुरू व्हायची. "अगं हमालाच्या पोरी, पाठीवर दप्तर आहे की हत्तीचा दात? तुमची जात मोकळ्या पाठीनं चाललेली बघितलीच नाही मी!"

"तू बसून राहा, बी. नारळ डोक्यात पडेल तेव्हाच उठशील!"

"शाब्बास, न्यांझाला! बापावर गेलीस." एक आप्पा हातावर यायचा, इतका गरम की मी तो या हातातून त्या हातात उडवत शाळेपर्यंत पळायची.

बाबा रेल्वेत सांधेवाले, गाडीसाठी रूळ बदलून देणारे. माझा मोठा भाऊ मिहांबो कामासाठी दार-एस-सलामला गेला आणि आठ महिने त्याची चिठ्ठी नाही, निरोप नाही. गाडी आली की बाबा सांधा सोडून डबे न्याहाळायचे. अशात एका संध्याकाळी दारावर थाप पडली. "बाबा, मी आलो! मक्याची उगाली आहे का शिल्लक?"

हुबेहूब दादाचा आवाज. बाबा ताट लवंडून अनवाणी धावले. दारात बी सिवेमा, दादासारखीच मान तिरकी करून उभी. "फसला! हमाल फसला!"

बाबांनी हसायला हवं होतं. निदान तिच्या आईबापाचा उद्धार तरी करायचा. ते म्हणाले, "चालती हो. पुन्हा या दारात दिसू नकोस." आणि दार लावून घेतलं.

सकाळपर्यंत गावभर झालं. न्याम्वेझी माणूस झारामो बाईवर खराखुरा रागावला! त्यानंतर दोन वर्षं बी सिवेमा आमच्याशी बोलली नाही. मी तिच्यासमोरून मुद्दाम फरफटत पाय घासत जायची, थांबायची, उगाच चप्पल झटकायची. ती पीठ ढवळत राहायची. एक शिवी मिळावी म्हणून माझा जीव नुसता तळमळायचा.

मग तीन दिवसांच्या तापात बाबा गेले.

अंगण माणसांनी भरलं, पण कुणाला बसवेना. बायका आत-बाहेर करत होत्या. बाकीचे झारामो आले, पण नक्कल करायला एकही तयार होईना. "आधी सिवेमाचं मिटवा," म्हणाले. काकांनी मला बाजूला घेतलं. "जा, तिला बोलावून आण. तिच्याशिवाय कसं न्यायचं त्याला?"

मी धावत स्टेशनावर गेले. शेगडी विझलेली, ती तशीच बसलेली.

"बी, चल ना. बाबा गेले."

"त्यानंच दार लावलं होतं. तो उघडेल तेव्हा येईन."

"ते आता कसे उघडतील?"

"का? आता तर त्याला वेळच वेळ आहे!"

ही थट्टा की राग, मला कळेना. तिच्या चेहऱ्यावरून तर काहीच कळेना. मी परत फिरले, पुन्हा मागे आले, पुन्हा निघाले. ती जागची हलली नाही.

दुपारी काकांनी पेटी उचलायला सांगितली. सहा जणांनी ती खांद्यावर घेतली आणि अंगणाच्या तोंडाशी पोचतात तोच समोरून बी सिवेमा आली. डोक्यावर कुणाची तरी रेल्वेची टोपी, हातात कमरेला गुंडाळायचा लाल खांगा झेंड्यासारखा धरलेला, चाल थेट बाबांची, डावा पाय जरा ओढत.

"थांबा! लाइन मोकळी नाही! या माणसानं माझ्याशी भांडण केलंय. ते निकाली काढल्याशिवाय गाडी पुढे जायची नाही."

काका कुजबुजले, "वहिनी, माफी मागून टाका." आई पुढे झाली. थट्टेच्या नात्यात कुणी माफी मागत नसतं. मागितली, तर भांडण खरं होतं हे सगळ्या गावासमोर कबूल झालं असतं.

आईनं बीला नखशिखांत न्याहाळलं.

"ए तेलकट तोंडाचे! दोन वर्षं त्याला तुझं थोबाड बघावं लागलं नाही, तेवढाच काय तो सुखात होता. आता जाताना तरी त्याला दिसू नकोस. हो बाजूला, नाहीतर याच पेटीत कोंबते तुला!"

अंगणात एकच हशा पिकला. पेटीखालची माणसंही हसली, पेटी हलली. बी सिवेमानं खांगा खाली टाकला. "अरे, जिवंत आहे की ही हमालीण! जा रे, न्या त्याला. हळू न्या, त्याला धक्के सोसत नाहीत."

पुरुष पेटी घेऊन गेले. दोघी एकाच चटईवर बसून आवाज बसेपर्यंत एकमेकींच्या कुळाचा उद्धार करत राहिल्या. मला हायसं वाटत होतं. मग बी सिवेमानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"मिहांबोचं काही कळलं?"

"नाही."

"मी तेव्हा तसं करायला नको होतं."

"हो," आई म्हणाली. "नको होतं."

दोघी इतकं सरळ बोलताना मी कधीच ऐकलं नव्हतं. मला तिथं बसवेना. मी आईच्या जवळ सरकले, मग उठले, मग पुन्हा बसले, आणि त्या दोघींपैकी कुणीतरी चटकन एखादी शिवी द्यावी म्हणून वाट पाहत राहिले.