ती रडलीच नाही म्हणे

आमच्या नात्यात माझ्या लेकीबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. जन्मल्यावर तिला कावीळ झाली होती, रोज टाचेला सुई टोचून रक्त काढायचे, पण पोरगी एकदाही रडली नाही. बारसं असो, साखरपुडा असो, कोणीतरी ही गोष्ट काढतंच. मग सगळे तिच्याकडे कौतुकाने बघतात, ती फुगून बसते आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. कारण गोष्ट साफ खोटी आहे, आणि ती मीच पसरवली आहे.

तिचा जन्म निजामपुऱ्यातल्या एका गल्लीत, लहानशा नर्सिंग होममध्ये झाला. खाली औषधाचं दुकान, वर बाळंतिणींच्या खोल्या आणि मागच्या भिंतीला चिकटून लूमचा, म्हणजे यंत्रमागाचा, कारखाना. भिवंडीत याचं कोणाला काही वाटत नाही. लूम चालू असले की भिंत थरथरते, स्टुलावरचा चहा थरथरतो आणि माणसं एकमेकांच्या कानाशी तोंड नेऊन बोलतात. अंबाडीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिले आठ दिवस माझं डोकं भणभणायचं. नंतर सवय झाली. आता पाहुणे विचारतात, "केवढा हा आवाज!" आणि आम्ही विचारतो, "कसला?"

ती रविवारी झाली. मंगळवारी सकाळी पिवळी दिसली. तिला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधली, आणि डॉक्टरबाईंनी सांगितलं की कावीळ किती आहे ते बघायला रोज टाचेतून रक्त घ्यावं लागेल. त्यात माझं काही म्हणणं नव्हतं. रक्त तपासायलाच हवं होतं, आजही मी तेच म्हणेन.

रक्त घ्यायची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती, थेट कारखान्याच्या भिंतीला लागून. सिस्टर बाळाला घेऊन आत जायची आणि आईने बाहेर बाकावर बसायचं, असा तिथला कायदा. "ताई, तुम्ही बाहेर बसा. आईला बघून और रोता है," सिस्टर म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी बसले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. एवढ्याशा टाचेत सुई जाताना बघायची माझी छाती नव्हती. सोबत माझी आई होती, तिच्यापुढे मी कायद्याचं निमित्त केलं.

थोड्या वेळाने सिस्टर बाळ घेऊन आली. बाळ गाढ झोपलेलं. टाचेला कापसाचा बोळा.

"रडली का?" मी विचारलं.

"थोडी," सिस्टर म्हणाली. "लगेच गप झाली."

बाहेर आम्हाला हूं की चूं ऐकू आलं नव्हतं. झालं! मी फोन घेतला आणि सुरू झाले. नवरा गोदामात ड्युटीवर होता, त्याला सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, नणंदेला सांगितलं, मामीला सांगितलं. बुधवारीही तेच, गुरुवारीही तेच. "बाई गं, सुई टोचली तरी आवाज नाही! बापासारखी सोशीक आहे." तीन दिवस मी बाहेरच्या बाकावर बसून शेखी मिरवत होते. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

चौथ्या दिवशी शुक्रवार होता, आणि शुक्रवारी भिवंडीतले लूम बंद असतात.

त्या सकाळी कॉरिडॉरमध्ये इतकं शांत होतं की खालच्या दुकानाचं शटर वर गेलेलं ऐकू आलं. सिस्टरने बाळ नेलं, दार लावलं. मी आणि आई बाकावर. आई बिस्किटाचा पुडा सोडत होती. आणि दारामागून ती किंचाळली.

भुकेचं रडणं मला चार दिवसांत ओळखू येऊ लागलं होतं. हे ते नव्हतं. एक किंकाळी, मग श्वास अडकून गप्प, मग परत. आईचा हात पुड्यातच थांबला. मी वाट बघितली की आता थांबेल, सिस्टर म्हणाली होती ना लगेच गप होते. ती थांबत नव्हती. माझ्या अंगावरून दूध वाहायला लागलं, गाऊन भिजला, आणि मी तशीच बसलेली.

"रडू दे गो," आई पुटपुटली. "रडल्याबिगर पोराची छाती उघडत न्हाय." पण तिचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला होता.

मी उठले आणि दार ढकललं.

माझं बाळ स्टीलच्या टेबलावर, नुसत्या रेक्झिनवर उघडं पडलं होतं. सिस्टरने एका मुठीत त्याची तंगडी धरली होती आणि दुसऱ्या हाताने टाच पिळत होती. पाय थंडगार, रक्त येत नव्हतं, म्हणून पिळणं चाललं होतं. बाळाचे दोन्ही हात हवेत काहीतरी धरायला बघत होते. धरायला काही नव्हतं.

"ताई, बाहेर!" सिस्टर ओरडली.

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. आमच्या अंबाडीच्या बाजारातल्या बायकांनासुद्धा लाज वाटली असती. टाके ओढत होते, पण मी बाळ उचललं, गाऊनची बटणं काढली आणि तिला छातीशी धरलं. ती हुंदके देत होती, दूध तोंडात घेत नव्हती. मग घेतलं. आणि तिला घेऊन मी वळले, तेव्हा दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेला तक्ता मला दिसला.

चित्रात एक आई होती. बाळ तिच्या उघड्या छातीशी, दूध पीत, आणि एक हात त्याच्या टाचेपाशी. खाली चांगल्या मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलं होतं की सुई टोचताना बाळाला असं धरा, अंगावर पाजत राहा, त्याला कमी दुखतं. आयांसाठी छापलेला तक्ता, आणि लावला कुठे, तर ज्या खोलीत आयांना बंदी त्या खोलीत, दाराच्या मागे! तीन दिवस ते दार माझ्या तोंडावर बंद होत होतं, आणि पलीकडून हे लावलेलं होतं.

डॉक्टरबाई धावत आल्या. मी बोटाने तक्ता दाखवला.

"हो, खरं आहे ते," त्या शांतपणे म्हणाल्या. "पण आया घाबरतात हो. हलतात, सुई चुकते. एक तर चक्कर येऊन पडली होती. सिस्टर एकटी, बाळं पाच. प्रत्येकीला बसवा, पाजायला लावा, थांबा, यात दुपार होईल."

"मग होऊ दे ना दुपार!" मी म्हणाले. "तुम्हाला कुठे गाडी पकडायची आहे?"

माहीत नसतं तर मी सोडून दिलं असतं. माझ्या आईला माहीत नव्हतं, तिला मी काय बोलणार? पण यांना माहीत होतं. एवढ्याशा जिवाला काय कळतं, असं म्हणणाऱ्या माणसाला मी समजू शकते, जरी त्याची टाच एकदा पिळावी असं मला वाटत असलं तरी. कळतं हे माहीत असून दार लावणाऱ्याला मी अजून माफ केलेलं नाही. आणि शुक्रवार नसता तर मला पत्ताच लागला नसता.

त्या दिवसाचं रक्त कसंबसं झालं होतं. अजून दोन सकाळी बाकी होत्या. मी सांगून टाकलं, टोचायचं तर माझ्या अंगावर, नाहीतर मी बाळ घेऊन चालले. डॉक्टरबाईंनी खांदे उडवले. सिस्टरने माझ्याशी बोलणं बंद केलं.

शनिवारी लूम परत सुरू झाले होते. मी खुर्चीत बसले, बाळाला नुसत्या लंगोटात छातीवर घेतलं, वरून आईने तिचं जुनं लुगडं आम्हा दोघींभोवती गुंडाळलं. आईने बाळाचा पाय आपल्या दोन्ही तळव्यांत धरून गरम केला. बाळ नीट चोखायला लागेपर्यंत सिस्टर घड्याळाकडे बघत उभी राहिली. मग मी मान हलवली.

सुई गेली तेव्हा मीच डोळे मिटले. बाळाचं चोखणं थांबलं. तिचं अंग ताठ झालं, पोटातून एक कळ उठली ती माझ्या पोटाला कळली, आणि एकदा ती रडली. कारखान्याच्या आवाजात ते रडणं मला ऐकू आलं नाही. छातीला लागलं. मग एक लांब श्वास, आणि ती परत चोखायला लागली. पाय गरम होता, पिळावं लागलं नाही.

सिस्टर टाचेला कापूस दाबत तशीच उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "माझी दोन्ही मुलं याच टेबलावर रडली, ताई." मला तिला काहीतरी लागेलसं बोलायचं होतं. पण मी तिच्या हातातला कापूस घेतला आणि स्वतः दाबून धरला.

पण मी केलेले फोन परत घेता येत नव्हते. दोन-चार जणांना खरं सांगून बघितलं. "अगं, कशाला मन लावून घेतेस," म्हणाले, आणि पुढच्या बारशाला तीच गोष्ट परत सांगितली.

गेल्या महिन्यात तिला पाच वर्षांचं इंजेक्शन द्यायला नेलं. रांगेत पुढची मुलं भोकाड पसरत होती. मी तिला मांडीवर घ्यायला गेले, तर तिने माझे हात झटकले. "धरू नको. मी रडत नसते," ती नर्सला म्हणाली. "मी बाळ होते तेव्हापण रडले नव्हते." सुई गेली. तिने खालचा ओठ इतका चावला की दातांचे वळ उठले. डोळे भरलेले, आणि एक थेंब खाली येऊ देत नव्हती. माझी थाप माझी पोरगी पाच वर्षांची होऊन निभावत होती.

मी तिला बाहेर पायरीवर बसवलं आणि सगळं सांगितलं. लूमचा आवाज, बाक, बंद दार.

"तू रडली होतीस," मी म्हणाले. "खूप रडली होतीस. तीन दिवस. मी बाहेर बसले होते, मला ऐकू आलं नाही."

ती दंड चोळत माझ्याकडे बघत राहिली.

"मग आत यायचं ना," ती म्हणाली, आणि तेव्हा कुठे रडायला लागली.