तीन दिवसांचा कोरडा कापूस

पुंडलिकराव भोयरांनी एसटीत एकतीस वर्षं कंडक्टरकी केली आणि ती सगळी उभ्यानं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी राळेगावच्या घरात हा माणूस उभाच असे. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं. कुणाच्या मयतीला गेले तरी सतरंजीवर टेकणार नाहीत. फाटकाशी उभे राहून, किती वाजता उचलणार, हे चार जणांना विचारून घेतील. आपली गाडी कळंबला कधी उशिरा पोचली नाही, हे ते स्वतः सांगत. जुने प्रवासीही तेच सांगत, फक्त त्यांचा सूर वेगळा असे. कारण वाटेत कुणी, "भाऊ, दोन मिनटं थांबवा, लेकराले जायचं हाय," म्हटलं की पुंडलिकरावांचं उत्तर ठरलेलं होतं. "स्टँडवर." लेकरू असो, म्हातारा असो की पोटुशी बाई असो, स्टँडवर.

अशा माणसाला बोक्याचा लळा लागावा, हे बायको वच्छलाबाईंनाही नवल वाटे. बोका लहानपणी नेमका दोनदा म्याव करी, म्हणून त्याचं नाव डबल. एसटीत डबल बेल म्हणजे चला. गाडी सुटायची ती घंटा पुंडलिकरावांना घरातही ऐकायला मिळे. पुण्याचा लेक नयन खास मांजराचे कोरडे दाणे पाठवी, आणि जावयाच्या ताटात तूप वाढावं तसे पुंडलिकराव ते त्याच्या वाटीत वाढत.

दोघांचं वाकडं येई ते फक्त दिवाळीनंतर. शेतातला कापूस घरी आला की पुढच्या खोलीत माणूसभर उंच ढीग लागतो. मऊ, कोरडा, उकरायला सोपा. बोक्याच्या दृष्टीनं याहून सोयीची जागा अख्ख्या तालुक्यात नसेल. मागच्या साली व्यापाऱ्यानं मूठभर कापूस नाकाशी धरला, पुंडलिकरावांच्या तोंडाकडं पाहिलं आणि मूठ उघडून तो खाली सोडला. तो अपमान ते विसरले नव्हते. यंदा ते तुराटी हातात घेऊन दाराशी पहारा देत होते. डबल ढिगाकडं वळला की काडी जमिनीवर आपटत. एकदोनदा ती पाठीवरही बसली.

आणि संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात चमत्कार झाला. तीन दिवस कापसाला वास आला नाही. रोज सकाळी पुंडलिकराव ढिगात कोपरापर्यंत हात घालत, हुंगत, आणि हात कोरडाच निघे.

"पाह्य, शिस्त लागली त्याले," ते वच्छलाबाईंना म्हणाले. "मुकं जनावर हाय, पण समजते."

"मंग करते कुठं तो?"

"करत असन बाहेर. तुले कायले पाह्यजे?"

त्या खुशीत त्यांनी डबलला मूठभर दाणे जास्तीचे घातले. डबलनं तोंड लावलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी डबल चुलीजवळच्या राखेत बसला, कुंथला, उठला, पुन्हा बसला. ओरडला तो आपल्या दोन ठोक्यांत नाही, एकच लांब, ताणलेला. पुंडलिकरावांनी निदान केलं, पोट साफ नाही. एक चमचा एरंडेल पाजलं. अर्ध्या तासात ते सगळं ओकून डबल भिंतीशी आडवा झाला. पुंडलिकराव अंगणातून घरात, घरातून अंगणात फेऱ्या घालू लागले. वच्छलाबाई मात्र खाली बसल्या, बोक्याच्या पोटाखाली हात घातला आणि हात तसाच ठेवून म्हणाल्या, "अवो, पोट नाही हे. लिंबू असल्यावानी गोटा लागते इथं. लघवी तुंबली याची."

पुंडलिकरावांनी गुरांच्या दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, "बोका हाय नं? मंग थांबू नका. यवतमाळले न्या, आत्ताच्या आत्ता."

नऊची गाडी होती. टोपलीत डबल, वरून जुनी साडी बांधलेली, आणि टोपली पुंडलिकरावांच्या मांडीवर. शेजारी वच्छलाबाई, पाण्याची भरलेली बाटली पिशवीत. टोपलीतून आवाज येई तोवर पुंडलिकरावांचा जीव टांगलेला, आणि आवाज बंद झाला की जास्तच. दर दहा मिनिटांनी साडीची गाठ सोडून आत पाहायचं आणि घड्याळ पाहायचं, एवढंच चाललं होतं. कळंबच्या अलीकडं एका बाईनं लेकराला घेऊन पुढं येत काही सांगितलं, आणि कंडक्टर उर्वशीनं सरळ घंटा मारली. गाडी बाभळीखाली थांबली.

"स्टँड दोन किलोमीटर तं हाय," पुंडलिकराव चिडून म्हणाले. "स्टँडवर म्हणाव तिले. इथं जीव चालला माह्या बोक्याचा."

"काका, लागते तेव्हा लागते," उर्वशी म्हणाली. तिला हे कोण, ते माहीत नव्हतं. वच्छलाबाई खिडकीबाहेर पाहत राहिल्या.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टर सुरभी म्हणून तरुण मुलगी होती. तिनं पोट चाचपलं आणि विचारलं, "काका, शेवटची लघवी कधी केली यानं?"

राळेगाव आगाराच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा ज्याला आजही पाठ होत्या, त्या माणसाला हे सांगता येईना. मग त्यांनी खरं ते सांगून टाकलं. "मॅडम, तीन दिवस कापूस कोरडा होता. मले वाटलं सुधरला. मी खुश झालतो." बोलताना त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलले.

डॉक्टर रागावली नाही. बोक्यांचा लघवीचा मार्ग फार बारीक असतो, ती म्हणाली. थंडीत पाणी कमी, खाणं कोरडं, त्यात भीती. खडे नि गाळ साचून रस्ता बंद होतो आणि विष उलटं अंगात चढतं. गुंगी देऊन तिनं बारीक नळी घातली. लालभडक लघवी नळीतून उतरली. मग रक्त तपासलं. मूत्रपिंडांना मार बसला होता. किती, ते दोन दिवसांनी कळणार होतं.

दोन रात्री दोघं वच्छलाबाईंच्या मावसबहिणीकडं राहिली. दिवसभर दवाखाना. डबलला सलाईन चालू, आणि पुंडलिकराव व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्ताचा रिपोर्ट थोडा बरा आला. डॉक्टरनं नळी काढली आणि म्हणाली, "आता यानं आपली आपण केली पाहिजे. केली तर घरी न्या. पुन्हा तुंबली तर मूत्रपिंडं झेपणार नाहीत, काका. खोटं नाही सांगत."

डबलपुढं रेतीचं घमेलं ठेवलं. तो त्याकडं पाठ करून झोपला. अकरा वाजले, बारा वाजले. राळेगावची एकची गाडी गेली. पुंडलिकराव दर पाच मिनिटांनी दारातून डोकावत, तेव्हा डॉक्टर म्हणाली, "काका, तुम्ही असे पाहत राहिलात तर तो करणार नाही." मग ते दाराआड उभे राहिले आणि कान लावून राहिले. तीनची गाडी गेली. आयुष्यात गाडी चुकू न देणाऱ्या माणसाला त्या दोन गाड्या कधी गेल्या ते कळलंही नाही. आपण मारलं म्हणून हा आता करायलाच भितो, हेच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. मनातल्या मनात ते डबलला सगळा कापूस देऊन बसले होते.

चारच्या सुमारास आतून रेती उकरल्याचा आवाज आला. मग शांतता. मग डॉक्टरनं हाक मारली. घमेल्यात मुठीएवढा ओला डाग होता, आणि डबल तो झाकण्यात गढला होता. पुंडलिकराव रडले. चारचौघांत, उपरण्यात तोंड न लपवता रडले.

डॉक्टरनं समजावून सांगितलं. पाण्याच्या वाट्या घरात चार ठिकाणी, दाणे भिजवून, मारायचं नाही, आणि रोज पाहायचं की किती वेळा जातो. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नाही. "पाणी न पिता धरून ठेवलं की असंच होतं," ती म्हणाली.

टोपली उचलून पुंडलिकराव व्हरांड्यात आले. वच्छलाबाई सकाळपासून त्याच बाकावर बसलेल्या होत्या, गुडघे जुळवून. शेजारी पाण्याची बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली. पुंडलिकराव बाटलीकडं पाहत उभे राहिले. आपल्याच गाडीत ही बाई माहेरी किती वेळा गेली, दोन वेळा भरल्या दिवसांची गेली, ते सगळं त्यांना एका झटक्यात आठवलं. तेव्हाही हिनं काही मागितलं नव्हतं. उत्तर तिला ठाऊकच होतं.

"वच्छला," ते म्हणाले, "तुले जायचं हाय काय?"

वच्छलाबाईंनी मान वर केली. अडतीस वर्षांच्या संसारात हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"सकाळपासून," त्या म्हणाल्या.